गोधडी उसवू की पुरी करू?

प्रश्न

रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका बंदरावरून आलेलं हे पत्र. सहा पानांचं आहे म्हणून सार देते, आणि लिहिणाऱ्याची ओळख पटू नये म्हणून एकदोन तपशील बदलते.

लिहिणारे गृहस्थ बोटीवर जातात. गेल्या वर्षी त्यांची आई गेली आणि तीन महिन्यांनी घरात पहिली मुलगी जन्माला आली. आईच्या ट्रंकेत तिची दोन नऊवारी लुगडी होती, एक लाल, एक हिरवं, आणि सोबत वडिलांचं धोतर. १ जून ते ३१ जुलै मासेमारीला बंदी, बोट वर ओढलेली. तेवढ्या दिवसांत मुलीसाठी आजीच्या लुगड्यांची गोधडी शिवायची असं त्यांनी मनाशी ठरवलं. जाळी लहानपणापासून शिवतात, कापडाची सुई मात्र पहिल्यांदाच हातात घेतली. गोधडी एक मीटर बाय सव्वा मीटर. पाठीला बाजारातून तीन मीटर नवं मांजरपाट, म्हणजे कोरं सुती कापड, आणलं. लुगड्यांचे चौकोन कापले, ते वाकडे गेले. टाका ओढला की चुण्या पडतात. मोबाइलवरच्या व्हिडिओत मधून सुरुवात करायला सांगतात, यांनी कडेपासून केली, आणि आता मध्यभागी ‘वाटी उपडी घातल्यासारखा’ फुगा आलाय. कौलातून पाणी गळलं आणि लाल लुगड्याचा रंग धोतरावर उतरला. टाचण्या तीन आठवडे तशाच राहिल्या, त्यांचे गंजाचे ठिपके पडले. बायको म्हणते, शेजारच्या काकूंना पैसे देऊन पुरी करून घ्या. मित्र हसतात.

‘आई असती तर दहा दिवसांत झाली असती, आणि एक टाका इकडचा तिकडे झाला नसता. मी तिची लुगडी कापून वाया घालवली. दसऱ्याला मुलगी एक वर्षाची होते. सगळं उसवून पुन्हा करू, काकूंना देऊ, की हे ट्रंकेत परत ठेवून नवी विकत आणू?’

उत्तर

पुढे वाचण्याआधी एक काम करा. घरात आईने शिवलेली एखादी गोधडी असेलच, माळ्यावर नाहीतर पलंगाखाली. ती काढा, उलटी करा आणि खिडकीजवळ नेऊन पाठ बघा.

तुमचं पत्र वाचून मी हेच केलं. माझ्या आईची गोधडी, वेंगुर्ल्याच्या माहेरातून आलेली, तीस वर्षं वापरतेय. पाठीला तीन रंगांचे दोरे निघाले. पांढरा संपला तिथे निळा लावलाय, निळा संपला तिथे खाकी, बहुधा भावाच्या शाळेच्या चड्डीसाठी आणलेला. एका कडेला टाके तांदळाएवढे, तर समोरच्या कडेला चांगले वालाएवढे. एका ठिकाणी ओळ तिरकी धावत गेलीय आणि मधेच थांबलीय. चुलीवर काहीतरी उतू गेलं असणार. तीस वर्षांत मला यातलं काही दिसलं नव्हतं. गोधडी आपण पांघरतो, टाके मोजत कोण बसतं?

तुमच्या आईच्या गोधडीची पाठ कदाचित खरंच बिनचूक निघेल. काही बायकांचा हात असतोच तसा. पण ती तिची कितवी, ते मावशीला, आत्याला, कुणाला तरी विचारा. आईची पहिली गोधडी आपल्याला माहीतच नसते. ती बहुतेक तुमच्याच खाली अंथरून फाटली.

आता चुका. तुम्ही पाच लिहिल्यात: वाकडे चौकोन, चुण्या, फुगा, उतरलेला रंग, गंज. मी त्यांचे दोन ढीग केले. एक, कापडाला किंवा पोरीला त्रास देणाऱ्या, आणि दुसरा, नुसत्या तुमच्या डोळ्याला खुपणाऱ्या. वाकडे चौकोन दुसऱ्या ढिगात टाकले आणि विसरले, तुम्हीही विसरा. मला सगळ्यात जास्त जी खटकली ती मात्र तुम्ही चूक म्हणून लिहिलेलीच नाही.

‘पाठीला नवं मांजरपाट आणलं’ असं एका ओळीत लिहून तुम्ही पुढे गेलात. ते धुतलं होतंत का? पत्रावरून तरी वाटत नाही. कोऱ्या मांजरपाटाला खळ असते, आणि पहिल्या धुण्यात ते आटतं. शंभराला तीन ते पाच धरा, कधी त्याहून जास्त. तुमच्या सव्वा मीटरच्या गोधडीत शंभराला पाच म्हणजे सहा सेंटीमीटर, तुमच्या तीन बोटांच्या रुंदीएवढं. आणि वरचं लुगडं? ते आईने वर्षानुवर्षं विहिरीवर आपटून धुतलेलं. त्याला जेवढं आटायचं होतं तेवढं ते कधीच आटून बसलंय. म्हणजे पहिल्या धुण्यात पाठ आखडणार आणि पोट तसंच राहणार. मग टाक्यांच्या ओळींमधलं कापड गोळा होतं, आणि कडेचे दोरे ताणाने तुटतात.

उसवायचं की नाही हे यावरच ठरवा, आईच्या आठवणीने येणाऱ्या रडण्यावर नको. तीन मीटरातलं मांजरपाट उरलं असेल. त्यावर पेनाने ५० सेंटीमीटरचा चौकोन आखा, कढत पाण्यात रात्रभर ठेवा, वाळवा आणि पुन्हा मोजा. लांबी आणि रुंदी दोन्ही मोजा, लांबीकडून सहसा जास्त आटतं. साडेअठ्ठेचाळीस किंवा जास्त भरलं तर काहीही उसवू नका. धुतल्यावर गोधडीभर बारीक सुरकुत्या येतील, आणि खरं सांगायचं तर त्या चांगल्याच दिसतात, हातालाही मऊ लागतात. ४७ च्या खाली गेलं तर पाठ सोडवा, सबंध मांजरपाट दोनदा धुऊन वाळवा आणि मग परत लावा. मधेच कुठे निघालं तर तुमच्या मनावर. मी असते तर उसवलं नसतं, पण मी आळशी आहे.

(इतर वाचकांसाठी: गोधडीत जे जे कापड जाणार ते ते आधी धुऊन घ्या, नवं असो की जुनं. आणि जुनं लुगडं कापण्याआधी उजेडाला धरून बघा. पायाशी घासून विरलेला भाग असतो, त्याला टाका धरत नाही. पदराकडचं कापड सहसा ठणठणीत असतं.)

आता चुण्यांबद्दल. इथे तुम्ही स्वतःला फार लवकर दोष दिलात. ‘माझ्या हातात ती कला नाही,’ असं लिहिलंय. मला वाटतं तुमच्या हातात दुसरीच कला इतकी मुरलीय की ती आडवी येते. जाळ्यात गाठ मारल्यावर तुम्ही काय करता? ओढता. गाठ चावेपर्यंत ओढता, कारण नायलॉन निसरडं, ढिली गाठ पाण्यात सरकली की जाळ्याचा आस, म्हणजे भोकाचं माप, बिघडला आणि मासा गेला. तो हात आता लुगड्यावर चाललाय. धावदोऱ्याला ओढ चालत नाही. दोरा कापडातून गेला की तो कापडावर नुसता निजला पाहिजे. चार-पाच टाके एकदम सुईवर घ्या, दोरा बाहेर काढा आणि मग डाव्या अंगठ्याने ती ओळ एकदा मागून पुढे निपटा. निपटल्यावर जी चुणी जाईल ती ओढीची होती. ज्या चुण्या तरीही राहिल्या तेवढ्या उसवा. दोरा हातभरच घ्या. बंदरावर दोरा वावभर लांब घ्यायची सवय असते, इथे लांब दोरा पीळ खातो आणि गुंततो. मेणबत्तीवरून एकदा ओढून घेतलात तर आणखी बरा.

आता माझं ऐका. भाचीच्या बारशाला मी पहिलं दुपटं शिवायला घेतलं. मांडीवर घेऊन, रात्री, सगळे झोपल्यावर. दोन तास मान वर केली नाही. दारावर कुणीतरी हाक मारली म्हणून उठले तर दुपटं माझ्यासोबत उठलं. एक अख्खी ओळ मी माझ्या साडीसकट शिवली होती. तेव्हापासून मांडीवर शिवत नाही, जमिनीवर शिवते, आणि दर चार बोटांनंतर खालून हात फिरवून बघते. हे मला आधी दोघीतिघींनी सांगितलं होतं. साडी उसवेपर्यंत ते कानावरून गेलं होतं.

तर फुगा. कडेपासून सुरुवात केलीत यात चूक नाही. आपल्याकडे बऱ्याच बायका कडेनेच फेर घेत आत येतात. आपल्या किनारपट्टीला लागून दक्षिणेला, उत्तर कन्नड जिल्ह्यात, सिद्दी समाजाच्या बायका ‘कवंदी’ शिवतात. त्याही कोपऱ्यातून निघून कडेकडेने आत शिवत जातात, आणि चारी कोपऱ्यांना कापडाच्या घड्या घालून फुलं लावतात. त्यांच्या कवंद्या मधे फुगत नाहीत. मग तुमचीच का फुगली? कारण थर आधी एकमेकांना बांधून घेतले नव्हते. प्रत्येक टाका वरचं कापड केसभर पुढे ढकलतो. चारी बाजूंनी केसभर केसभर ढकललेलं कापड शेवटी मध्यभागी येऊन उभं राहतं, त्याला जायला जागाच नसते. टाचण्यांनी हे भागत नाही, त्या निसटतात, आणि आपल्या खाऱ्या हवेत आठ दिवसांत गंजतात, ते तुम्ही पाहिलंतच.

पुढच्या वेळी थर जमिनीवर ताणून पसरा, कोपऱ्यांवर पाटा-वरवंटा, तांब्या, जे जड असेल ते ठेवा, आणि मधून कडेकडे लांब लांब कच्चे टाके घाला, वीत वीत अंतरावर. मग खुशाल कडेपासून शिवा. शेवटी कच्चे टाके ओढून काढायचे.

या वेळेला? सगळी गोधडी उसवू नका. फक्त आतले दोन-तीन फेर सोडवा. मग मधली जागा हाताने सपाट करा, तळव्याने, मधून बाहेर. बराचसा फुगा तिथेच विरेल. जो उरेल त्याची एक सरळ चुणी घाला, एका बाजूला पाडा, आणि तिच्यावर हिरव्या लुगड्याच्या काठाचा एक चौकोन ठिगळासारखा बसवून चारी बाजूंनी पक्का शिवून टाका. ज्याला माहीत नाही त्याला वाटेल मुद्दाम केलंय. मी अशा मधल्या चौकोनाच्या गोधड्या पाहिल्यात, आणि आता तुमच्या पत्रानंतर मला त्या सगळ्यांचा संशय येऊ लागलाय.

रंगाची गोष्ट मात्र दिसण्यापुरती नाही. वर्षाची पोरगी गोधडीचं टोक चघळणारच. म्हणून आधी बघा, लाल अजून सुटतंय का. पांढरं फडकं ओलं करून लाल चौकोनावर दहा-बारा वेळा घासा. फडकं लाल झालं तर गोधडी पुरी झाल्यावर भरपूर गार पाण्यात, मोठ्या टबात मोकळी बुडवा, हलवा, पाणी टाका, पुन्हा भरा. पाणी नितळ येईपर्यंत. ओली गोधडी बुचकळून ठेवून देऊ नका आणि पिळून गुंडाळूही नका, रंग तिथेच दुसऱ्या कापडात शिरतो. लगेच पसरून सावलीत वाळवा. मिठाच्या पाण्याने रंग पक्का होतो असं तुम्हाला चार जण सांगतील. एकदा रंगवून बाजारात आलेल्या कापडाचा सुटणारा रंग मीठ धरून ठेवत नाही. चार-पाच धुण्यांनंतरही लाल सुटत राहिलं, तर कोपऱ्यातले लाल चौकोन हिरव्याने झाका. धोतरावर आधीच उतरलेला लाल डाग गार पाण्याने जेवढा निघेल तेवढा काढा, त्यावर इस्त्री फिरवू नका. पुढे जो उरेल तो उरू द्या.

गंजाला पांढऱ्यावर लिंबू आणि मीठ चोळून उन्हात ठेवा, मग स्वच्छ धुवा. लाल-हिरव्यावर आधी एका कोपऱ्यात करून बघा, लिंबाने रंग उडतो कधीकधी. गंज असाच ठेवला तर तो हळूहळू कापड खातो, म्हणून हा कंटाळा करू नका.

‘आईची लुगडी वाया घालवली’ हे वाक्य तुम्ही पत्रात तीनदा लिहिलंय. मी एक हिशेब केला. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटर. दोन लुगड्यांचं साडेसोळा मीटर कापड. तुमचे चौकोन आणि आतला एखादा थर धरला तरी तीन-चार मीटरच्या वर गेलं नसेल. म्हणजे ट्रंकेत अजून बारा मीटर आहे. विरलेला भाग सोडलात तरी आणखी दोन गोधड्या होतील. तुम्ही लुगडी संपवल्यासारखं लिहिलंय, मला वाटतं संपलंय ते दुसरंच काहीतरी, आणि ते कात्री लावण्याच्या आधीच संपलं होतं. लुगडं ट्रंकेत घडी घालून ठेवलं असतंत तरी घडीवर विरलंच असतं. त्याबद्दल मी यापेक्षा जास्त बोलणार नाही, कारण ते मला तुमच्याइतकं माहीत नाही.

काकूंना द्यायची की नाही? तुमची बायको अगदीच चुकीचं बोलत नाहीये. १ ऑगस्टपासून तुम्ही पुन्हा बोटीवर, पहाटे निघून कधी येणार त्याचा पत्ता नाही, आणि दसरा जवळ आलाय. पैसे देऊन गोधडी शिवून घेण्यात कमीपणा नाही, किती जणींचं घर त्यावर चालतं. पण पत्र वाचून मला असं दिसतं की तुम्हाला गोधडी हवीय त्याहून जास्त ती स्वतः केलेली हवीय. मग काकूंना पैसे द्या, पण शिवायचे नको, शेजारी बसण्याचे. एक दुपार. मधला फुगा सोडवताना त्या समोर असू देत. हात कसा ठेवायचा हे मी इथून कितीही लिहिलं तरी त्यांनी एकदा तुमचं मनगट धरून दाखवलं की संपलं. आणि वेळच उरला नाही, द्यावीच लागली, तर एक सांगा: माझ्या चार कडांना हात लावू नका, फक्त आतलं करा. चांगलं शिवणाऱ्या बाईला दुसऱ्याचे वाकडे टाके बघवत नाहीत, ती प्रेमाने सगळं उसवून ठेवेल.

नवी विकत आणायची असेल तर आणा, पावसाळ्यात एकावर भागत नाहीच. ही मात्र ट्रंकेत टाकू नका. पावसाळी हवेत गोधडी ओलसर राहते, आणि कोकणात ट्रंकेत ठेवलेल्या ओलसर कापडाचं काय होतं ते मी बंदरावरच्या माणसाला सांगायला नको. ठेवायचीच झाली तर कडकडीत वाळवून, कडुलिंबाचा पाला घालून. पोरांच्या कपड्यांत डांबरगोळ्या नकोत. काही बाळांच्या रक्ताला त्या बाधतात, आणि आपलं बाळ त्यातलं आहे की नाही हे बघून कळत नाही.

मित्र हसतात त्याबद्दल एवढंच, की बंदरावर शिडाची गलबतं होती तेव्हा शिडं पुरुषच शिवत होते. आणि शिंपी कोण असतो?

राहिलं वापरायचं. मुलगी वर्षाची होईपर्यंत तिला झोपताना अंगावर गोधडी घालू नका, तोंडावर येते. बालरोगतज्ज्ञ लहान बाळाच्या झोपेच्या जागी सैल पांघरूण नको असंच सांगतात. आपल्या हवेत तशी गरजही नसते. जागेपणी खेळायला खाली अंथरा. कोपऱ्यांना घुंगरू, मणी, टिकल्या लावायचा मोह होईल, लावू नका. ओढून तोंडात जातात. सिद्दी बायकांसारखी कापडाची फुलं लावायची तर घट्ट शिवून. आणि शू करेल, भात सांडेल, म्हणून जपू नका. धुवा. जिथे दोरा तुटेल तिथे पुन्हा शिवा, त्या वेळी तुमचा टाका आजच्यापेक्षा बरा आलेला असेल आणि तो जुन्याच्या शेजारी दिसेलही.

दसऱ्यापर्यंत नाही झाली तर अर्धीच अंथरा आणि पोरीला तिच्यावर बसवा, औक्षण करा. त्याआधी टाचण्या आणि सुया मोजून काढा. किती लावल्या होत्या ते आजच कुठेतरी लिहून ठेवा; तीन आठवडे गंजत पडल्या होत्या म्हणजे मोजल्या नसणार. आणि आकडा जुळला तरी सबंध गोधडीवरून एकदा हात फिरवा, दोन्ही बाजूंनी.